ठिपका

चौगुल्यांच्या लग्नाचं शूटिंग
इतकं स्वच्छ आलंय की
नवरीच्या गालावरची पावडर मोजता येते,
मागच्या पंक्तीत कुणी किती जिलबी टाकली तेही.

नवरदेवाचा फोन:
“आजोबांच्या काळातल्या पिच्चरगत करा ओ.
जरा जुनं. पैशाचं बघू.”

म्हणून विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर
रात्रभर मी नव्याचं जुनं करतोय.
पन्नास फ्रेमच्या चोवीस केल्या.
पांढऱ्यात हळद कालवली
(सांगलीत तिला तोटा नाही),
काळ्याचा जोर काढून घेतला,
दिव्यांभोवती तांबूस वलय,
अख्खं चित्र केसभर हलतं ठेवलं,
वरून रवा पेरावा तसे दाणे,
आणि शेवटी विकत घेतलेला थर:
एकशे नव्व्याण्णव रुपयांत चाळीस ओरखडे.

दस्तगीरचाचा खालून चहा घेऊन आले.
पंधरा वर्षं तंबूतले ऑपरेटर,
आटपाडी, जत, खरसुंडीची जत्रा,
मग मिरजेच्या टॉकीजात दोन मशिनींच्या मधे.
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.
म्हणाले,
“ह्यो केस तिसऱ्यांदा गेला.”

थर आठ सेकंदांचाच असतो, चाचा.
फिरून फिरून येतो.

“केस फिरून येत न्हाय.
एकदा गेटात अडकला की रीळ संपंतोवर
हिरॉइनच्या भांगात नाचतोय,
पब्लिक शिट्ट्या मारतंय, आपण फुंकर.
आन् ही रेघ? कुठं पडली?”

कुठं म्हणजे?

“रेघ कुठंतरी पडती, बाबा.
खरसुंडीत वारा सुटलावता,
वाळूचा कण बसला दारात,
चार नंबरला उभी रेघ, इथनं तिथवर.
मालकानं आठवड्याचा पगार कापला.
जतला तुटली. ब्लेडनं खरवडून जोडली,
त्यात हातभर गेली.
हिरो दार उघडतोय, आन् लगेच दारातनं भाईर.
कुणाला भेटला, कुणालाच कळलं न्हाय.
जल्मभर मखमलीनं पुसलं आम्ही,
आन् तू पैसं मोजून घेतोस.”

दुसऱ्या दिवशी डालड्याचा डबा आणला.
आत तीन हात फिल्म,
एकोणीसच्या पुरात चार दिवस पाण्याखाली राहिलेली.
चेहरे वाहून गेलेले.
निळ्यात सोनेरी पाझरलंय,
कडेला कृष्णेचा गाळ वाळून चिकटलेला,
आणि व्हिनेगरचा वास.
कुठला पिच्चर, तेही आठवत नाही म्हणाले.

काचेखाली दिवा लावून
मी एकेक फ्रेम टिपत गेलो.
दुसरं टोक त्यांच्या हातात,
तसबीच्या मण्यांसारखी
भोकं अंगठ्याखालून सरकत होती.
तीन हात फिल्म. तीन सेकंदं.

ती मी अंतरपाटावर घातली.
भटजींचा आवाज चढतो, अक्षता उडतात
आणि नवरा-नवरीच्या मधून
पुराचं पाणी जातं.

चौगुल्यांचा फोन:
“झकास झालंय. सगळी रडली घरात.
फक्त मंगलाष्टकाला कायतर घाण आलीया,
तेवढी काढा.”

काढली.
चाळीस ओरखडे त्यांना पसंत होते.

पण बिल द्यायच्या आधी, अकराव्या मिनिटाला
वर उजव्या कोपऱ्यात
चार फ्रेमपुरता एक गोल ठिपका ठेवला.
रीळ संपत आलं की यायचा तसला.
चौगुल्यांना दिसलेला नाही.
चाचांना मी काही बोललो नव्हतो.

ते बशीतून चहा ओढत बघत होते.
वरात निघाली, घोडा अडला,
ठिपका आला.
बशी मांडीवर टेकली
आणि त्यांचा डावा हात बाजूला गेला,
न बघता,
जिथं दुसरं मशीन असायचं तिथं.

तिथं माझा टेबलफॅन होता.
तो त्यांनी चालू केला.